शेषेरावांची बाज आणि अमेरिकेची राख

"सिंधु, आपला स्लॅब किती वजन पेलंल गं?" शेषेरावांनी अंगणातल्या बाजेवरूनच विचारलं.

भाकरी थापता थापता सिंधुबाईंचा हात परातीतच थांबला. एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस भूकंपापासून, म्हणजे तीस वर्षं, घरात झोपला नव्हता. जेवण आत, आंघोळ आत, टीव्हीही आत. पण डोळे मिटायचे म्हटलं की अंगणातली बाज. पावसाळ्यात वर ताडपत्री, थंडीत दोन गोधड्या, बारा महिने मच्छरदाणी. ज्या स्लॅबवर या माणसाचा काडीचा भरवसा नव्हता, त्याची आज चौकशी कशाला?

"कशाचं वजन?"

"राखेचं. ओली राख लई जड असते म्हनायलेत टीव्हीवाले."

अमेरिकेत जमिनीखाली एक महाज्वालामुखी आहे, तो फुटला तर राखेनं जगभर अंधार पडेल, असं एका चॅनेलवर लाल अक्षरांत चाललं होतं. अमेरिकेपुरतं असतं तर लातूरनं सोडूनही दिलं असतं. पण कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ सोडला: आपला काळा दगड म्हणजे लाव्हाच, अख्खा मराठवाडा ज्वालामुखीवर बसलाय! एकदा हादरलेलं गाव ते. दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे जमिनीकडे बघून चालायला लागले. शेजारच्या किराणावाल्या श्रीमंतनं कोरोनातले उरलेले मास्क बाहेर काढले आणि वर पाटी लावली: राखेसाठी.

शेषेरावांच्या माडीवर डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली भाड्यानं राहत. त्यातल्या पुनमचे वडील माणिकप्पा दुसऱ्याच दिवशी जळकोटहून जीप घेऊन दारात हजर झाले.

"चल पोरी, पिशवी भर. गावाकडं जाऊ."

"अप्पा, जळकोटचा दगड बी काळाच हाय."

माणिकप्पांनी पायाखाली बघितलं. "पन आपला खोल हाय."

"रविवारी टेस्ट हाय माझी. न्हाई येत मी."

"ज्वालामुखी फुटल्यावर टेस्ट कोन घेनार?"

"क्लासवाले घेतेत की. ऑनलाइन."

क्लासची फी माणिकप्पांनीच भरली होती. ते लोक टेस्ट सोडणार नाहीत हे त्यांनाही पटलं. त्यांनी चहा घेतला, आणलेल्या शेंगा सिंधुबाईंच्या हवाली केल्या आणि रिकामी जीप घेऊन ते परत गेले.

शेषेरावांनी पुनमला जिन्यातच गाठलं. "पोरी, खरं सांग. आपला लाव्हा परत पेटंल का?"

"न्हाई हो काका. कोट्यवधी वर्षं झाली त्याला थंड होऊन."

"अन् अमेरिकेचा?"

"एवढ्यात न्हाई म्हनतेत. पन खात्री कोन देनार?"

"समज, आलीच राख. मग मानसानं काय करायचं?"

"दारंखिडक्या लावून आत बसायचं."

शेषेराव जिन्यावरच बसले. भूकंप आला तर बाहेर, राख आली तर आत. "अन् दोन्ही एकदम आलं तर?"

"ते सिलॅबसमध्ये न्हाई काका," म्हणत पुनम वर पळाली.

संध्याकाळी शेषेरावांनी बाज उचलली ती थेट दारात आणली. उंबरा बरोबर मधोमध. डोकं आत, पाय बाहेर. मग सुचलं, भूकंपात आधी डोकं वाचवायला पाहिजे. बाज फिरवली. मग सुचलं, राख जाणार नाकात आणि नाक तर डोक्यालाच. पुन्हा फिरवली. रस्त्यावरून श्रीमंत ओरडला, "काय शेषेराव, अर्धी बाज गावात अन् अर्धी शिवारात?"

शेवटी त्यांनी बाज अंगणात नेऊन ठेवली, उशी काखेत मारली आणि ते आत आले. "आजपासून आतच झोपावं म्हनतो."

सिंधुबाईंना आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. सिंधुबाईंनी पदराला हात पुसले.

"तुमाला डेंग्यू झाला तवा म्हनलं, आत या. माझ्या गुडघ्याचं आपरेशन झालं, तांब्याभर पानी द्यायला जवळ कोनी न्हवतं, तवा म्हनलं. लेकीच्या लग्नात पाव्हने हसले तवा बी म्हनलं. न्हाई आलात. अन् आता अमेरिकेतल्या एका डोंगरानं म्हनलं, तर उशी घेऊन आलात व्हय?"

त्यांनी ती उशी काढून घेतली, बाजेवर नेऊन टाकली, परत आत गेल्या आणि आतून कडी लावली.

शेषेराव बाजेवर बसून राहिले. बाहेर झोपण्याचं कारण सिंधुबाईंना ठाऊक होतं, गल्लीलाही ठाऊक होतं. भूकंपाच्या वर्षी गणपती विसर्जनाला ते किल्लारीकडच्या एका गावात, बहिणीकडे, गुणाबाईकडे गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून हे अंगणात झोपले. पहाटे घर बसलं. अंगणातला माणूस तेवढा उठून उभा राहिला. पुढची दोन वर्षं सिंधुबाईही त्यांच्यासोबत बाहेर झोपल्या. मग लहानग्या लेकीचा खोकला हटेना, तेव्हा तिला घेऊन आत गेल्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

चार दिवसांनी चॅनेलवाल्यांना उसात बिबट्या सापडला आणि ज्वालामुखी मागे पडला. श्रीमंतनं पाटी काढली. माणिकप्पांचा फोन आला, तो फक्त मार्क विचारायला. आत झोपायला आता कुठलंच कारण उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी सिंधुबाई तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. शेषेराव उशी घेऊन दारात उभे राहिले.

"आता काय निघालं टीव्हीवर?"

"बिबट्या."

"मग बिबट्याला भिऊन आलात का?"

"न्हाई." शेषेराव उशीची खोळ चाचपत राहिले. "तू म्हनलीस म्हनून."

"मी कुठं म्हनले आज?"

"आज न्हाई. तवा."

सिंधुबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "पाय दाराकडं करून झोपा. दार उघडंच ऱ्हाऊ द्या."

शेषेराव पलंगावर आडवे झाले आणि टक लावून स्लॅबकडे बघत राहिले. भिंत किंचित थरथरली. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली.

"टेंपो हाय," सिंधुबाई वर न बघता म्हणाल्या.

"हाव."

जरा वेळानं वर काहीतरी गडगडलं.

"पोरीनं खुर्ची वढली."

"हाव."

तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मात्र सिंधुबाईंनी मान वर केली. शेषेराव घोरत होते.

वाऱ्यानं दार हललं. ते आपटू नये म्हणून सिंधुबाई सूप घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसल्या. तेवढ्यात फाटकातून श्रीमंतनं हाक मारली, "वहिनी, शेषेराव कुठं गेले? बाज रिकामीच दिसायली."

"आत झोपलेत."

श्रीमंत तोंड उघडं टाकून उभा राहिला. त्याला ऐकू गेलं होतं हे सिंधुबाईंना दिसत होतं. तरी त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा सांगितलं, "हळू बोला भाऊजी. आत झोपलेत."