उजव्या हातातली पक्कड

धाकटा दीर शॉक लागून गेला तेव्हा त्याच्या हातात पक्कड होती, आणि ती पक्कड थोरल्या वहिनीनं पास केलेली होती. घराला तेवढं पुरलं.

थोरली हत्यारांच्या कारखान्यात तपासणीला होती. वायरमनच्या पकडी, स्क्रू-ड्रायव्हर असला माल. मुठीवरच्या आवरणातून वीज गळते का, ते बघायचं. हत्यारं आधी पाण्यात मुरवायची, मग त्यांना दहा हजार व्होल्ट लावायचे. मीटरचा काटा सरकला की माल बाद. नाही सरकला, तरच मुठीवर तिचा शिक्का. दीर वायरमन, त्याला ही पक्कड तिनंच कौतुकानं आणून दिली होती.

"माझ्या लेकाच्या हातात मरण दिलंस गं," सासूबाई आल्यागेल्यासमोर म्हणायच्या. नवरा मध्ये पडायचा नाही. थोरली ऐकून घ्यायची, कारण मनातून तिलाही तसंच वाटत होतं. कामावर हात चालेना. चांगला मालही ती पुन्हा पुन्हा टाकीत बुडवायची. सुपरवायझर वैतागला, "बाई, अशानं कारखान्याला कुलूप लागेल!"

शेवटी तिनं दिराच्या पिशवीतून ती पक्कड काढली आणि कामावर नेली. रीतसर पाण्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. काटा जागचा हलला नाही. पुन्हा लावली. मग सुपरवायझरला बोलावून त्याच्या हातून लावली. पक्कड ठणठणीत होती.

तिला हायसं वाटलं, पण घटकाभरच. मग दवाखान्यातलं आठवलं. पक्कड उजव्या हातात होती आणि तो तळहात साफ होता. भाजलं होतं ते डावं कोपर. शोकात कुणी त्याचा विचारच केला नव्हता. दीर नेहमी फुशारकी मारायचा, "मेन स्विच पाडून काम काय, कुणीही करेल." चालू पॅनलमध्ये वाकला असणार आणि कोपर टेकलं असणार.

घरी आल्या आल्या तिनं सगळ्यांसमोर सांगितलं.

"म्हणजे माझा लेक मूर्ख होता?" सासूबाई कडाडल्या. "मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलतेस?"

नंतर धाकटी जाऊ स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून म्हणाली, "ताई, मला पहिल्यापासून माहीत होतं. ते मेन कधीच बंद करायचे नाहीत. किती भांडले मी त्यावरून."

"मग इतके दिवस माझ्या नावानं खडे फोडत होते सगळे, तेव्हा तोंड का शिवलं होतंस?"

"पोरीला काय सांगू? बाप आपल्या हट्टानं गेला म्हणून? तुम्ही सोसताय, तर राहू दे ना तसंच. तुमचं काय जातंय?"

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात पोर दारात आली. बाहेरचा आरडाओरडा तिनं ऐकला होता.

"काकू, तुझी पक्कड खराब होती ना?"

जावेनं डोळ्यांनी विनवलं. थोरली खाली बसली, पोरीला जवळ घेऊन म्हणाली, "नाही बाळा. पक्कड चांगली होती. बाबांनी वीज बंद केली नव्हती."

पोरीनं तिचा हात झिडकारला. "खोटारडी!" म्हणाली आणि आजीकडे पळाली.

आठवड्याच्या आत जाऊ लेकीला घेऊन माहेरी गेली, ती परतलीच नाही. नवरा त्यांना सोडून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "खरं बोलून काय कमावलंस? भरलं घर मोडलंस."

सासूबाईंनी बोलणंच टाकलं. काही सांगायचं झालं, तर भिंतीकडे तोंड करून सांगायच्या, "दूध उतू जातंय." आणि थोरली उठून गॅस बंद करायची.