निळ्या जिभेचं मडगार्ड

मी मागच्या चाकावरचं मडगार्ड बोलतोय. काळं प्लास्टिक, दोन रबरी पट्ट्या आणि खाली रस्त्याला टेकेल अशी एक निळी जीभ. मालकाची पाठ माझ्यामुळे थोडी कोरडी राहते, नाही असं नाही. पण माझं खरं काम दुसऱ्यासाठी आहे. चाकानं उडवलेलं पाणी मागून येणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नये, म्हणून मी. माझं तोंडही कायम मागेच. पुढचा रस्ता कसा असतो, मला ठाऊक नाही.

दुकानातून आलो तेव्हा मी आखूड होतो. जीभ मला योरिसनं, माझ्या मालकानं लावली. साबणाच्या पाण्याचा निळा कॅन त्यानं कापला आणि मला जोडला. कॅन अजून अर्धा भरलेला होता म्हणून आई कावली, तर म्हणाला, "पोराच्या डोळ्यांत शेण जातं गं."

पोर म्हणजे टिबो, त्याचा धाकटा भाऊ. दोघांत बारा वर्षांचं अंतर.

आमच्या शेल्ट नदीकाठी रविवारी सकाळी क्लबातले तीसेक जण सायकली घेऊन निघतात. पाऊस असला तरी निघतात, आणि उन्हाळ्यातही पाऊस असतोच. ट्रॅक्टरनी रस्त्यावर सांडलेली माती, गाईंचं शेण, सगळं त्या पाण्यात. नियम कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. कोरड्या दिवशी मडगार्ड लावून आलात तर हसतात, ओल्या दिवशी न लावता आलात तर सगळ्यांच्या मागे पाठवतात. माझी जीभ पाहून तिथला सर्वांत म्हातारा ओमेर दर खेपेला म्हणायचा, "योरिस, तुझी सायकल दमली रे. जीभ बाहेर आली बघ."

टिबोच्या सायकलला मडगार्ड नव्हतंच. कशाला हवं? त्याच्या मागे कोणी नसायचंच. रांगेच्या शेवटी योरिस, आणि योरिसच्या चाकाला चिकटून, त्याच्या पाठीआड वारा चुकवत टिबो. शाळा त्यानं अर्ध्यात सोडली आणि छपरांवर कौलं बसवायला लागला, पण रविवारची ती जागा काही सोडली नाही. वाहणारं नाक, शिव्या, मध्येच गाणं, चढावर लालबुंद झालेले कान. तो चेहरा योरिसला कधी दिसला नाही. मला दुसरं काही दिसलं नाही.

म्हणजे रविवारी. शनिवारी दुसरा चेहरा असायचा, पण त्याबद्दल टिबोला कोणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये योरिस गेला. भाजीच्या लिलावबाजारात फ्लॉवरच्या पेट्या रचत होता, खाली बसला, तो उठला नाही. एकतीस वर्षांचा माणूस. सायकल आईच्या गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेली होती, ती तशीच राहिली. माझ्यावरचा शेवटचा चिखल वाळला, पोपडे होऊन पडला. कोणी दार उघडलं की वाटायचं, आता काढतील. तर कोणी तरी बटाटे घेऊन परत जायचं.

मग जुलैत पाऊस लागला. ओल्या छपरावर कोणी चढत नाही, त्यामुळे सोमवारपासून टिबो घरी. दुपारपर्यंत तो खिडकीपाशी उभा होता. मग तडक गॅरेजमध्ये आला आणि मला, म्हणजे योरिसच्या सायकलला, भिंतीवरून खाली घेतलं. योरिस उंच होता. टिबोचे पाय पुरेनात. आई दारातून म्हणाली, अरे, सीट खाली कर.

"नको. ती त्याची उंची आहे."

तसाच डुगडुगत निघाला. तो आठवडाभर रोज गेला. नदीचा बांध, घडीव दगडांचा रस्ता, कालव्याचं दार, पुन्हा बांध. वरून पाऊस, खालून पाऊस. आणि माझ्यासमोर कोणी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला मागचा रस्ता मोकळा दिसला. ओला, लांबच लांब. टिबो एकटाच बोलायचा, भावाशी भांडायचा. जायचं होतं तर सांगून का नाही गेलास, असं म्हणायचा.

रविवारी क्लब निघाला. ओमेरनं त्याला मधली जागा देऊ केली. टिबोनं ऐकलं नाही, तो सर्वांत शेवटी जाऊन थांबला. तेवढ्यात एल्के आली. एल्के म्हणजे योरिसची बायको. ती क्लबबरोबर कधी आली नव्हती. ती थेट माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"तिथं नको," टिबो म्हणाला.

"मग कुठं?"

"कुठंही जा. ती जागा माझी आहे."

एल्के हलली नाही.

रांग चालू लागली. टिबोनं वेग वाढवला, एल्केनंही वाढवला. त्यानं मध्येच अंतर सोडलं, मध्येच झेप घेतली, ती चाकाला चिकटलेलीच. बांधावर चिखल सुरू झाला तशी त्याची सहनशक्ती संपली. चालत्या सायकलवरून हात मागे घातला आणि मला उपटलं. एक पट्टी तटकन तुटली. मला त्यानं जर्सीच्या पाठीवरच्या खिशात खोचलं.

तिथून मला सगळं दिसत होतं. चाकानं उडवलेली ती राड थेट तिच्या तोंडावर. दगडांवर दोन्ही हात हँडलला हवेत, त्यामुळे तिला पुसताही येईना. श्वासासाठी तोंड उघडलं की चिखल तोंडात. ती थुंकायची आणि पुन्हा चाकाकडे बघायची. मी खिशात. काय करणार?

टिबोनं मागे पाहिलं नाही. पुढच्यानं मागे पाहायचं नसतं, हे तो योरिसकडूनच शिकला होता.

कॅफेपाशी सगळे उतरले. ओमेरनं एल्केकडे पाहिलं आणि टिबोला विचारलं, शेत नांगरलंस की काय हिच्यावर? टिबो वळला. तिच्या चेहऱ्यावर चिखलाशिवाय फक्त डोळे होते.

"मागे का नाही पडलीस?" त्यानं विचारलं.

"चाक एकदा सोडलं की सुटलं. मग कितीही पाय मारा, पुन्हा सापडत नाही. तो दर शनिवारी मला हेच सांगायचा."

"शनिवारी?"

"तू दुपारपर्यंत झोपलेला असायचास."

टिबोनं सायकल भिंतीला टेकवली. मग आत गेला, ओला टॉवेल घेऊन आला आणि तिच्या हातात दिला. ओमेरकडून जुन्या ट्यूबचा तुकडा मागितला. तुटक्या पट्टीच्या जागी ट्यूब गुंडाळून त्यानं मला बांधलं, पण योरिसच्या सायकलला नाही, एल्केच्या. तिला विचारलंही नाही.

"जाताना तू पुढं हो."

"माझ्यामागे तुला वारा अडायचा नाही, टिबो. मी केवढीशी."

"माहीत आहे."

ती पुढे झाली. मागच्याला हातानं खड्डे दाखवायला विसरली, वळणावर चुकली, पाण्याच्या डबक्यात दोनदा घुसली. टिबो दोन्ही वेळा तिच्या मागोमाग घुसला. कालव्यापासून पुढे तो रडत होता. ओठ आवळून नव्हे, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. एल्केला ऐकू गेलं असणार. तिनं मान वळवली नाही, फक्त वेग थोडा कमी केला.

आता ऊन पडलंय. टिबो पुन्हा छपरावर जातो. योरिसची सायकल भिंतीवर गेली आणि मी एल्केच्या दारामागे, तिच्या सायकलवर आहे. कोरड्या हवेत मला काढून ठेवायचा रिवाज आहे. काढा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पट्टी तुटकी आहे, जीभ साबणाच्या कॅनची आहे, म्हणून मला फेकून देऊ नका. त्या पोराला अजून पुढं होता येत नाही. आणखी काही ओले रविवार त्याला कोणाच्या तरी मागे राहू द्या. रस्त्याचं पाणी त्याच्या तोंडावर येणार नाही, एवढं मी बघतो. बाकीचं पाणी त्याचं आहे, ते मला अडवता येत नाही.