अकरावी सूचना

मूल्यांकन समिती दोन वर्षांपूर्वी येऊन गेली, तेव्हा जाताना अकरा सूचना लिहून गेली होती. त्यांचं पुढं काय झालं हे बघायला समितीचे दोन सदस्य येत्या गुरुवारी पुन्हा येणार होते. कर्वेनगरच्या त्या कॉलेजात पाठपुरावा अहवाल तयार करण्याचं काम नेहमीप्रमाणे गावंडेबाईंच्या गळ्यात पडलं होतं.

दीपाली गावंडे भूगोल शिकवत. निदान नेमणूकपत्रात तसं लिहिलं होतं. गेली चार वर्षं मात्र त्या पुरावे गोळा करत होत्या. रॅम्पचा फोटो, तारीख दिसेल असा. ग्रंथालयाच्या वाढीव वेळेचं परिपत्रक, शिक्क्यासकट. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचं आणि टेबलावर पर्स ठेवायच्या आत कुणीतरी विचारायचं, "मॅडम, ती फाइल कुठे?" झोपेनं जाणारा थकवा त्यांच्या ओळखीचा होता. हा झोपेनं जात नव्हता.

सोमवारपर्यंत दहा सूचनांचं काम उरकलं. राहिली अकरावी. प्रत्येक शिक्षकानं वीस विद्यार्थ्यांचं पालकत्व घ्यावं, महिन्यातून एकदा त्यांना भेटावं, भेटीची नोंद ठेवावी. वह्या छापून आल्या होत्या. यादीही प्रत्येकाला मिळाली होती. वह्या मात्र कोऱ्या होत्या.

प्राचार्य ढमढेरेसर वाईट माणूस नव्हते. त्यांचेही डोळे सुजले होते. "मॅडम, आता कशाला खोलात जाता?" ते म्हणाले. "बुधवारपर्यंत भरून घ्या सगळ्यांकडून. एकाच पेनानं नका, एवढं बघा."

मंगळवारी स्टाफरूममध्ये वह्या भरायला सुरुवात झाली. बाहेर मुलं रांगेत उभी राहून दोन वर्षांच्या सह्या एका दमात करत होती.

"जुलैत काय लिहिलंत?" इतिहासाच्या आमोद रानड्यांनी मान वर न करता विचारलं. "माझी वीसही मुलं जुलैत समाधानी आहेत. ऑगस्टमध्ये एखाद्याला थोडं दुःखी करावं म्हणतो."

कुणीतरी हसलं. गावंडेबाईंनीही आपली वही ओढली. उपस्थिती नियमित. प्रगती समाधानकारक. हात आपोआप चालत होता. तेरा नावं झाली, चौदावं ऋतिका भोंडवे. तिच्याही ओळी भरल्या, पुढच्या सहा जणांच्याही. मग सह्यांसाठी आपल्या यादीतल्या मुलामुलींना आत बोलावलं. एकोणीस सह्या झाल्या.

"ऋतिका कुठंय?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. "मॅडम, ती तर सेकंड इयरलाच सोडून गेली. दीड वर्ष होत आलं."

बाईंनी वहीकडे पाहिलं. शाई अजून ताजी होती. कॉलेज सोडून गेलेल्या मुलीची प्रगती मार्चपर्यंत समाधानकारक होती.

त्यांनी ऑफिसातून नंबर घेतला आणि व्हरांड्यात जाऊन फोन लावला. कुणा वयस्क बाईनं उचलला.

"कोन? कालेजातल्या बाई? मी तिची आई, तुळजाबाई. पोरगी कामावर गेलीय. काय झालं का?"

"काही नाही, सहजच केला."

"सहज?" तुळजाबाई म्हणाल्या. "तिचा नंबर घ्या मग."

ऋतिका हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये कुपनं तपासत होती. मागं भांड्यांचा आवाज येत होता. बाईंनी नाव सांगितल्यावर ती आधी गोंधळली, मग भराभर बोलायला लागली. आई पायऱ्यांवरून पडली, खुबा मोडला. आईचं आवरून निघायची, तर ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास जायचे. सकाळची प्रॅक्टिकल्स बुडाली. मग परीक्षेला बसता येणार नाही अशी नोटीस आली.

"अगं, मला सांगायचंस. दुपारची बॅच दिली असती तुला."

"आले होते ना मॅडम. दोनदा." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही कॉम्प्युटरवर होतात, बाजूला फाइलींचा ढीग. म्हणालात, कमिटीचं काम आहे, नंतर ये. दुसऱ्यांदा पण तेच. मग मी नाही आले."

बाईंना ते आठवेना. आठवायचा प्रयत्न केला, तर दारात उभ्या राहिलेल्या पुष्कळ मुलांचे अर्धवट चेहरे समोर आले आणि प्रत्येकाला आपण हेच म्हटलं असणार, असं वाटलं.

"जूनमध्ये परत प्रवेश घेशील? फॉर्म मी बघते."

"बघू मॅडम. आई आता चालते थोडी. कस्टमर आलेत, ठेवते."

बाई आत आल्या. कपाटातून दुसरी कोरी वही काढली, वीस नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढं, प्रत्येक महिन्याच्या चौकटीत लिहिलं : भेट झाली नाही. चौदाव्या नावापुढं थोडं जास्त लिहावं लागलं. लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. मनगट दुखत होतं.

गुरुवारी दोघे सदस्य आले. त्यातल्या एक लातूरच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या, विमलाबाई देशपांडे. चष्मा कपाळावर चढवून त्या वह्या चाळत राहिल्या. गावंडेबाईंच्या वहीपाशी थांबल्या.

"ही एकच वेगळी कशी?"

ढमढेरेसरांनी बाईंकडे पाहिलं. खोलीतला पंखा कुरकुरत होता.

"बाकीच्यांचं ते सांगतील," गावंडेबाई म्हणाल्या. "मी भेटले नाही मुलांना. तुमचा अहवाल लिहीत होते."

विमलाबाईंनी ते चौदावं नाव सावकाश वाचलं. "उरलेल्या वह्यांत दोन वर्षांत कुणी साधं आजारीसुद्धा पडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडंही असंच भरायचे. मीही भरलंय." मग वही मिटून त्यांनी चहा मागवला.

आठवड्यानं पत्र आलं. दहा सूचना पूर्ण. अकरावीची अंमलबजावणी आढळली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अहवाल सादर करावा.

"अभिनंदन," रानडे म्हणाले. "खरेपणाबद्दल आणखी एक अहवाल. बक्षीस म्हणतात ते हेच." डबा खाताना गावंडेबाईंच्या शेजारची खुर्ची दोन दिवस रिकामी राहिली. ढमढेरेसरांनी पत्र त्यांच्याकडेच पाठवलं, कोपऱ्यात लिहून : गावंडे मॅडम, कृपया पाहावे.

त्यांनी पाहिलं. मग त्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "अहवाल लिहीन. पण दुपारी दोन ते तीन मला कुणी फाइल मागायची नाही. त्या वेळेत मी मुलांना भेटणार."

"घ्या," सर म्हणाले. "तसंही मी नाही म्हटलं तर तुम्ही तेही लिहून ठेवाल."

दुसऱ्या दिवशी यादीतला पहिला मुलगा आला, शुभंकर. यवतमाळचा, कोथरूडला खोली घेऊन राहणारा. दारातच उभा राहिला. आपलं काय चुकलं, असा चेहरा.

"काही काम होतं का मॅडम?"

"नाही. बस."

तो खुर्चीच्या टोकावर बसला. "सगळं ठीक आहे मॅडम," तो न विचारताच म्हणाला.

बाईंनाही पुढं काय विचारावं ते सुचेना. इतक्या वर्षांत ती सवयच गेली होती. घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, "मेस बंद आहे मॅडम, चार दिवस झाले," आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसला.