अकरा नंबरचा कागद

वृद्धाश्रमात तिला सगळे लगबग म्हणत. तिचं चालणंच तसं होतं. एका हातात चादरी, दुसऱ्या हातात औषधांचा ट्रे आणि पुढचं काम कोणतं ते डोळ्यांत. चोवीस म्हाताऱ्या माणसांमागे दिवसपाळीला तिघीच जणी, त्यामुळे लगबगीशिवाय भागायचंही नाही. नऊ वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती आणि याचा तिला थोडा अभिमान होता.

कामाच्या सूचना सगळ्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये यायच्या. कोणाच्या गोळ्या बदलल्या, कोणाला अंघोळ नको, कोणाची लेक भेटायला येणार. पण त्याच ग्रुपवर सुप्रभातही यायचं, फुलांचे गुच्छ यायचे, कोणाच्या नातवाचं बारसं यायचं आणि कोणाची तरी हरवलेली छत्रीही यायची. दिवसाला शंभर-सव्वाशे मेसेज. आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंचा नियम होता, की सूचना वाचली की तिच्याखाली अंगठा द्यायचा. सगळ्यांना सवय होऊन गेली होती. मेसेज आला की आधी अंगठा, वाचायचं मग, जमलं तर.

नणंदेच्या ऑपरेशनसाठी लगबगनं तीन दिवस रजा घेतली होती. चौथ्या दिवशी ती कामावर आली, तेव्हा फोनवर ग्रुपचे तीनशेच्या वर मेसेज पडून होते. तिने ते बोटाने सरळ खाली ढकलले आणि एप्रन चढवला.

चार वाजता चहाची गाडी घेऊन ती अकरा नंबरच्या खोलीत शिरली. तिथे घड्याळवाले आजोबा राहायचे. पन्नास वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आता हात थरथरत होते आणि मागच्या महिन्यात झटका येऊन गेल्यापासून बोलणं जरा जड झालं होतं, पण जिभेची धार तशीच होती.

"आलीस का," ते म्हणाले. "तू नव्हतीस तर इथे माझे हाल कुत्रं खाईना. तीन दिवस बिस्किट नाही. नुसता चिखलासारखा चहा. जिवंतपणीच दिवस घातलेत माझे."

"का बरं बंद केलं बिस्किट?"

"त्यांनाच विचार. मी काय सांगू."

गाडीवर बिस्किटांची बशी होतीच. लगबगचा हात बशीकडे गेला आणि थांबला. आजोबांच्या खाण्याबद्दल काहीतरी आलं होतं ग्रुपवर. नक्की काय, ते आठवेना. तिने एप्रनच्या खिशातून फोन काढला आणि शोधायच्या जागेत 'घड्याळवाले' असं लिहिलं. खूप काही निघालं. घड्याळवाल्यांची कवळी सापडली. घड्याळवाल्यांचा टॉवेल दहा नंबरमध्ये गेला आहे. मग तिने 'बिस्किट' लिहिलं. त्यावर मोठ्या बाईंचा जुना मेसेज आला, की स्टाफसाठी ठेवलेला बिस्किटांचा डबा दोन दिवसांत कोणी संपवला ते पुढे येऊन सांगावे, आणि त्याखाली अकरा जणांचे हसरे चेहरे. हवं ते एखाद्या फोटोत असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

सिस्टर वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी जखमेचं ड्रेसिंग करत होत्या. जाऊन विचारायचं म्हणजे दोन जिने. गाडीवर अजून तेरा कप होते आणि चहा निवत होता.

"देतेस का मी देवाघरी गेल्यावर देणार आहेस?" आजोबा म्हणाले.

तिने दोन बिस्किटं दिली.

पहिलं त्यांनी चहात बुडवून खाल्लं. दुसरं तसंच तोंडात टाकलं. लगबग दाराशी पोचली होती, तेवढ्यात मागून घुसमटल्यासारखा आवाज आला. तिने वळून पाहिलं तर आजोबांचे दोन्ही हात गळ्याशी होते आणि ओठ निळे पडत चालले होते. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सिस्टर जिन्यावरून धावतच आल्या. पाठीवर थापा मारल्या, मशीन लावून घशातलं ओढून काढलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आजोबांचा श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते.

ॲम्ब्युलन्स फाटकातून बाहेर पडली आणि लगबग स्टाफच्या बाथरूममध्ये गेली. दाराला कडी लावून तिने ग्रुप उघडला आणि एकेक मेसेज मागे नेत गेली. शोधायचं काही नव्हतं आता, फक्त मागे जायचं होतं. तीन दिवसांपूर्वीच्या दुपारी, एका गुलाबाच्या चित्राखाली आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या वर, तो होता. एका छापील कागदाचा फोटो. गिळण्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा कागद. खोली क्रमांक ११. कोरडे, कुरकुरीत, चुरा होणारे पदार्थ पूर्ण बंद. चहा-पाणी दाट करून, छोट्या घोटांनी. फोटोखाली सिस्टरनी एवढंच लिहिलं होतं: सर्वांनी वाचावे.

त्याखाली नऊ अंगठे होते. तिने त्यावर बोट ठेवलं तेव्हा नावांची यादी उघडली. तिचं नाव चौथं होतं.

तिला आठवलं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर ती बसली होती, फोन वाजला, नणंदेचा नवरा काहीतरी विचारत होता, आणि बोलता बोलता तिने अंगठा दिला होता. फोटो उघडलाही नव्हता.

तिने काय केलं हे तिला नंतर कितीदा आठवायचं, आणि दर वेळी हातच कोणा दुसऱ्याचे होते असं वाटायचं. तिने आपल्या अंगठ्यावर बोट दाबलं. नऊचे आठ झाले. मग तिने तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आली.

सहा वाजता मोठ्या बाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. त्यांच्या हातात फोन होता.

"आठ जणांनी वाचलंय. तू नाही वाचलंस?"

"मी रजेवर होते, बाई. तिकडे नेट नव्हतं."

बाईंनी मान हलवली. नऊ वर्षांत लगबगनं खोटं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं, तेव्हा शंका घ्यायचं कारणच नव्हतं. त्या आचाऱ्याकडे वळल्या. "मग गाडीवर बिस्किटांची बशी कोणी ठेवली? अकरा नंबरचं वेगळं जायला नको होतं?"

आचारी दारात उभा होता, हात पुसत. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन होता. त्यावर ना ग्रुप, ना फोटो. "सिस्टर म्हणाल्या, अकरा नंबरला मऊ द्या. मी जेवण मऊच देतोय. चहा दाट करून देतोय. बशी तर सगळ्यांचीच असते."

"विचारायचं नाही?"

"काय विचारायचं तेच माहीत नव्हतं मला," तो म्हणाला.

चौकशी होईपर्यंत उद्यापासून येऊ नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. तो स्वयंपाकघरात गेला, सुऱ्या धुऊन जागेवर लावल्या आणि डब्याची पिशवी घेऊन निघाला. जाताना लगबगला म्हणाला, "तुम्ही ओरडलात म्हणून वाचले म्हातारबुवा. नाहीतर काही खरं नव्हतं."

घरी तिने जेवण वाढलं, पण स्वतः जेवली नाही. तिची मुलगी कॉलेजात शिकत होती. आई गप्प का, म्हणून तिने दोनदा विचारलं. लगबगनं अर्धंच सांगितलं, की कामावर एक कागदाचा फोटो आला होता, एका आजोबांना चहा छोट्या घोटांनी द्यावा असा, आणि तो वेळेवर सापडला नाही.

"कुठे शोधलास?"

"ग्रुपमध्ये. नाव घालून."

"फोटोतलं नाव ग्रुपमध्ये कसं सापडेल, आई? दे इकडे." मुलीने फोन घेतला, फोटोंचा कप्पा उघडला आणि वर लिहिलं, 'घोट'. क्षणभरात तोच कागद समोर आला. "हा बघ. फोटोत छापलेलं असलं तरी तो वाचतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मुलगी हसली. लगबग उठून स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. एक शब्द. पण तिला आतून कळत होतं, की शोधता आलं नाही हे तिचं दुखणं नव्हतंच. सापडत नाही म्हणजे तसं काही नसेल, असं तिने ठरवून टाकलं होतं, कारण तेरा कप निवत होते. आणि त्यानंतर जे केलं, त्याला तर कपांचंही निमित्त नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी सुट्टी झाल्यावर ती हॉस्पिटलात गेली. आजोबांच्या नाकात नळी होती. चुरा छातीत उतरला होता, न्यूमोनिया झाला होता. त्यांची लेक उशाशी बसली होती. लगबगला पाहताच ती उठली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमच्यामुळे बाबा आहेत. सिस्टरनी सांगितलं मला. तुमचे उपकार कसे फेडू?"

"नका हो असं बोलू," लगबग म्हणाली आणि पाच मिनिटांत निघाली. बाहेर बसस्टॉपवर तिने तीन बस जाऊ दिल्या. लेकीने शिव्या दिल्या असत्या तर त्या सोसल्या असत्या. ते हात धरणं मात्र तिला सोसेना. आचारी आता घरी बसून काय करत असेल, बायकोला काय सांगितलं असेल, हेच मनात येत राहिलं. चौथ्या बसमध्ये ती चढली, पण घराकडच्या नाही.

मोठ्या बाई ऑफिस बंद करून निघतच होत्या.

"बाई, अंगठा माझा होता. नववा."

बाईंना कळलं नाही. मग लगबगनं सगळं सांगितलं. बाकावर बसून न वाचता दिलेला अंगठा, चहाच्या वेळची शोधाशोध, वर जाऊन न विचारणं, बाथरूम, कडी. काही वगळलं नाही आणि रडलीही नाही. रडले तर बाईंना दया येईल, याची तिला भीती वाटत होती.

बाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"बिस्किट दिलंस, ती चूक झाली," त्या म्हणाल्या. "तशी कोणाकडूनही होते. फोटो ग्रुपवर टाकला म्हणजे सांगितलं असं धरून मीही बसले, तर माझीही झाली. पण अंगठा काढलास, ती चूक नव्हे."

"नाही."

"आणि दोन दिवस त्या माणसाला घरी बसू दिलंस."

"हो."

लेखी ताकीद मिळाली. तीन महिने खोल्यांमधलं काम बंद, फक्त धुलाई. आजोबांच्या लेकीला बाईंनी तिच्यासमोर फोन लावला आणि फोन तिच्या हातात दिला. लगबगनं तिला सगळं सांगितलं. मग लेक म्हणाली, "आत्ता मला तुमच्याशी बोलता येणार नाही," आणि फोन ठेवला.

आचारी दुसऱ्या दिवशी परत आला. लगबग सकाळीच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"दादा, माझं चुकलं. तुमच्यावर आलं तेव्हा मी गप्प बसले."

तो कांदा चिरत होता. चिरतच राहिला. "बाई बोलल्या मला," तो म्हणाला. "तुम्ही येऊन सांगितलंत, बरं केलंत. पण माझ्या म्हाताऱ्या आईने दोन दिवस मला विचारलं, खरं सांग, तुझ्या हातून माणूस मरायला टेकला का. ते काही आता परत घेता येत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "जा, तुमचे कपडे भिजत पडलेत."

त्यानंतर कित्येक दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. ती त्याला दोष देऊ शकत नव्हती.

एकोणीस दिवसांनी आजोबांना परत आणलं. अंग अर्ध्यावर आलं होतं. धुतलेल्या चादरी ठेवायला म्हणून लगबग अकरा नंबरमध्ये गेली. सिस्टर त्यांना चमच्याने दाट सूप भरवत होत्या. सिस्टर गेल्यावर ती पलंगाशी थांबली आणि म्हणाली, "आजोबा, कागद आला होता. मी वाचला नव्हता. न वाचता बिस्किट दिलं."

आजोबांनी बराच वेळ घेऊन शब्द जुळवले. "मी ऐकला होता. डॉक्टरांनी वाचून दाखवला होता मला."

तिने हातातल्या चादरी पलंगाच्या कडेला ठेवल्या.

"तू रजेवर होतीस. तुला माहीत नसेल, असा अंदाज होता माझा," ते म्हणाले. "म्हणून तुझ्याचकडे मागितलं."

त्यांची नजर खाली होती. पन्नास वर्षं लोकांच्या घड्याळांशी प्रामाणिक राहिलेला माणूस, दोन बिस्किटांसाठी तिला फसवून आता ओशाळला होता. आपलं ओझं हलकं होईल असं तिला वाटलं, पण तसं झालं नाही. त्यांना मागायचा हक्क होता. नाही म्हणायचं काम तिचं होतं. तिने त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"तूही नको," ते म्हणाले.

"माझं वेगळं आहे, आजोबा."

तीन महिने संपले त्या आठवड्यात बाईंनी तिला बोलावून सांगितलं, की सोमवारपासून परत खोल्यांवर. लगबग म्हणाली, "अजून एक महिना धुलाईतच राहू का?"

"का?"

"अजून फिटलं नाही, बाई," ती म्हणाली. बाईंनी चष्मा काढला. "स्वतःला शिक्षा देत बसायला इथे माणसं जास्त नाहीत. चोवीस जण आहेत आणि तुम्ही तिघी. एकीच्या मनाला टोचणी लागली म्हणून बाकीच्या दोघींनी का धावायचं? टोचणी सोबत घेऊन ये. कामाच्या आड नाही यायची."

सोमवारी ती गेली. स्वयंपाकघरातून गाडी घेताना तिने पाहिलं, आचाऱ्याने प्रत्येक कपाशी खोलीचा नंबर आणि काय चालतं, काय चालत नाही, हे लिहिलेली चिठ्ठी लावली होती. त्याचं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं होतं. गाडी ढकलायच्या आधी लगबगनं त्या चोवीसही चिठ्ठ्या सावकाश वाचल्या. चहा थोडा निवला. सहा नंबरच्या आजींनी तक्रार केली, आणि तिने ती ऐकून घेतली.