चौघांत वाटलेली कादंबरी

मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. नाहूरच्या आमच्या चाळीत नळावर माझा नंबर कुणी मोडत नसे. मुलुंडच्या ज्या औषध कंपनीत मी सहा वर्षं उभ्यानं बाटल्यांना लेबलं लावली, तिथं सुपरवायझरसुद्धा मला अदबीनं "मालनबाई" म्हणत असे. पण हे सगळं शौर्य मराठीतलं. समोरच्यानं इंग्रजीत तोंड उघडलं की माझी दातखीळ बसायची.

पंच्याऐंशी साली जूनमध्ये कंपनीनं नोटीस लावली. पॅकिंगमधल्या बारावी झालेल्या एका मुलीला ऑफिसात पत्रव्यवहाराच्या टेबलावर घेणार होते. टायपिंग यायला हवं, वय पंचविसाच्या आत हवं, आणि मुलाखत नोव्हेंबरात, इंग्रजीत. टायपिंग मी क्लास लावून शिकले होते. पंचविसावं डिसेंबरात भरत होतं. म्हणजे ही वेळ हुकली की मी रिटायर होईपर्यंत उभीच राहणार. संध्याकाळी माझे पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा मांसात रुतायचा. मला खुर्ची हवी होती. इतकं दुसरं काहीच मी आयुष्यात मागितलेलं नाही.

आमच्या घरात इंग्रजीचा गंध कुणाला नव्हता. बाबा गिरणीतले, संपानंतर भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झालेले. तेव्हा मी चाळीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या अंबादासकाकांकडे गेले. काका बुलढाण्याकडचे. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं खिळे जुळवले होते, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी रचल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक ओळी इंग्रजी होत्या. नवीन यंत्र आलं तेव्हा छापखान्यानं त्यांना घरी पाठवलं. ते आता गॅलरीत स्टूल टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या छत्रीवरचं कंपनीचं नाव वाचून त्यातली चूक काढत.

मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोलायला मी शिकवू शकत नाही, मालन. मी जन्मात इंग्रजी बोललेलो नाही. मला कुणी विचारलंच नाही. वाचायला शिकवतो. मग बोलणं येईल, नाहीतर नाही येणार."

असा दिलासा मिळाल्यावर दुसरं कुणी उठून गेलं असतं. मी बसले, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

काकांनी कपाटावरून तपकिरी कागदात बांधलेला गठ्ठा काढला. छापखाना सोडताना त्यांनी एवढंच घरी आणलं होतं. अठ्ठावन्न साली शाळा-कॉलेजांसाठी छापलेल्या एका जुन्या इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीची ती प्रुफं होती, लांबलचक कागदांवर, कडेला काकांच्याच अक्षरातल्या दुरुस्त्यांसकट. कादंबरीचं नाव काय, विचारलं तर काकांना ठाऊक नव्हतं. नावाचं पान फोरमन स्वतः जुळवायचा. मग कळलं की नुसतं नावच नाही, तर तीन चतुर्थांश कादंबरीच काकांना ठाऊक नव्हती. छापखान्यात काम लवकर उरकावं म्हणून मूळ पुस्तक सुटं करून चौघांत वाटत. आठ पानं काकांना, पुढची आठ दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला, मग पुन्हा आठ काकांना. छापून झालेली प्रत जुळवणाऱ्याला मिळत नसे. मधली पानं ज्यांनी जुळवली त्यांना विचारावं, तर ते अक्षरं बघत, गोष्ट बघत नसत. गोष्ट वाचणाऱ्याच्या हातून चूक होते, असा फोरमनचा दंडक होता. काका तेवढे चोरून वाचायचे.

"म्हणजे सत्तावीस वर्षं तुम्हाला माहीतच नाही पुढे काय झालं?" मी विचारलं.

काका म्हणाले, माहीत नाही, पण विचार पुष्कळ केलाय.

तर गोष्ट अशी होती. एका किल्ल्याला शत्रूनं वेढा घातलाय. किल्ल्याचा मालक सर हम्फ्री, त्याची मुलगी लेडी मार्जरी, आणि चोरदरवाजावर टोबायस नावाचा म्हातारा पहारेकरी. किल्ली त्याच्या कमरेला. धान्य संपत आलंय. इथं काकांची पहिली आठ पानं संपली. त्यांच्या दुसऱ्या आठ पानांत चोरदरवाजा उघडा आहे, शत्रू आत शिरलाय आणि टोबायस दाराशी तसाच उभा आहे. तिसऱ्या आठात टोबायस तळघरात साखळदंडात आहे आणि सगळा किल्ला त्याला गद्दार म्हणतोय. दार कुणी उघडलं, का उघडलं, ते सगळं दुसऱ्यांच्या वाट्याला गेलेलं.

आमचा अभ्यास रोज संध्याकाळी कंपनीतून आल्यावर, गॅलरीत. काका नियम सांगत नसत. एक वाक्य घ्यायचं आणि त्यातला एकेक शब्द कशासाठी आलाय ते विचारायचं. हा इथून काढला तर काय कोसळेल? मग वाक्य उलटं, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत वाचायचं, म्हणजे डोळ्याला फसवता येत नाही. पहिल्या आठवड्यात मी अडीच पानं वाचली आणि काकांशी दोनदा भांडले.

पण 'हॅड' आला आणि मला गोडी लागली. काका पेन्सिल टेकवून म्हणायचे, हा शब्द आला की समज, ही गोष्ट आधीच होऊन गेली आहे, दुसऱ्याच्या पानांत. मग आम्ही 'हॅड' हुडकत बसायचो. मार्जरीनं कुणाला तरी वचन दिलेलं होतं. खेड्यातली मुलं उपाशी राहिलेली होती. कुणीतरी रात्री धान्य पोचवलेलं होतं. अशा तुकड्यांवरून मधली चोवीस पानं काय असतील याचा अंदाज करायचा आणि तो मी वहीत इंग्रजीत लिहायचा. अंदाज म्हटला की 'मस्ट हॅव' आणि 'माइट हॅव' आलंच. असं झालं असणार, असं झालं असेल, असं होणं शक्यच नाही. हे तिन्ही प्रकार मला भांडायला फार सोयीचे पडले, त्यामुळे लवकर पाठ झाले.

टोबायसवरून आमचं जमलं. काकांचं म्हणणं, तो गद्दार नाही. माझं म्हणणंही तेच. आम्ही असं ठरवलं की खेड्यातल्या उपाशी मुलांसाठी मार्जरीनंच त्याला दार उघडायला लावलं, शत्रूला ते कळलं, आणि तिचं नाव पुढे येऊ नये म्हणून टोबायस गप्प बसला. यावर मी चोवीस पानं लिहिली. काकांनी ती सात वेळा दुरुस्त केली आणि मी सात वेळा पुन्हा लिहिली. ऑक्टोबरपर्यंत ती मला इतकी पाठ झाली की छापलेली पानं कुठली आणि माझी कुठली हे सांगणं अवघड झालं.

भाकऱ्या करताना मी टोबायसची वाक्यं पुटपुटायचे. आई वैतागायची.

"त्या पहारेकऱ्याक जेवूकच बोलव गो एकदा," ती म्हणाली, "म्हणजे माका तरी कळांदे, कोण तो."

बाबांनी मात्र टोबायसची गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली. गेटवर बसणाऱ्या माणसाला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांना माहीत होतं.

नोव्हेंबरात मुलाखत झाली. आम्ही पाचजणी होतो. साहेब नवे आलेले, नाव चंद्रप्रकाश, लखनौकडचे, अंगानं जाड आणि आवाज मऊ. नाव, शिक्षण, घरी कोण, इतपत मी धडाधड उत्तरं दिली, कारण तीही काकांनी सात वेळा दुरुस्त केली होती. मग साहेबांनी विचारलं, अलीकडे इंग्रजीत काही वाचलंय का. मी हो म्हटलं आणि गोष्ट सांगायला लागले. सर हम्फ्रीचं नाव ऐकताच साहेब पुढे सरकले. ती कादंबरी त्यांना कॉलेजात पाठ्यपुस्तक होती. मला इतका आनंद झाला की मी टोबायसपर्यंत एका दमात पोचले.

साहेबांनी हात वर केला. तसं नाही, ते म्हणाले. टोबायसनं सोन्याच्या नाण्यांसाठी किल्ली विकली होती. पुढे तो ते कबूल करतो. त्याच्यावर परीक्षेत प्रश्न यायचा, लोभाचे परिणाम म्हणून.

खरं तर इथं मान डोलवायला हवी होती. खुर्ची दोन हातांवर होती. पण मला राग आला, आणि मला राग आला की पुढचं माझ्या हातात राहत नाही. मी इंग्रजीत म्हटलं की हे शक्य नाही. पैसे घेऊन दार उघडणारा माणूस पळून जातो. टोबायस पळाला नाही, शत्रू आत आला तेव्हा तो दाराशी उभा होता, आणि हे पान मी स्वतः वाचलंय. तुमच्या लेखकाला पहारेकरी ठाऊक नसणार. माझे वडील वॉचमन आहेत. कारखान्यात चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर येतो, कारण तसा संशय घेणं सगळ्यांना सोपं असतं. हे सगळं मी बोलले. माझा आवाज बाहेर बाकावर बसलेल्या चौघींना ऐकू जात होता, असं त्यांनी मागाहून सांगितलं.

साहेबांनी विचारलं, "तू नक्की कितवं पान वाचलंस?"

आता खोटं बोलून भागणार नव्हतं. मी सांगितलं की चार पानांतलं एकच पान आमच्याकडे आहे. छापखान्याची पद्धत सांगितली, काकांचं सांगितलं, आणि उरलेलं आम्ही दोघांनी बसून ठरवलंय हेही सांगितलं. ते खरं पुस्तक म्हणून सांगितलं ही माझी चूक, असंही म्हटलं. बोलता बोलता माझा राग उतरला. गेली खुर्ची, असं मला स्पष्ट दिसलं.

साहेबांनी मागच्या कपाटाकडे बोट केलं. म्हणाले, या ऑफिसात एकही फाईल अशी नाही की तिच्यातले सगळे कागद जागेवर आहेत. आहेत त्या कागदांवरून गेलेल्या कागदांत काय असेल हे ज्याला ओळखता येईल, असं माणूस मला हवं आहे. फक्त जिथं अंदाज केला असेल तिथं अंदाज म्हणून लिहायचं. पुन्हा असं चालणार नाही. सोमवारपासून वर येऊन बस.

त्यांनी बस म्हटलं ते कामाबद्दल, हे मला कळत होतं. तरी मी उभीच राहिले आणि थँक यू म्हणायचं विसरले.

घरी न जाता मी सरळ काकांकडे गेले. ऑफिसातली जागा मिळाल्याचं सांगितलं तेव्हा द्रौपदीकाकूंनी हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि साखर आणायला आत गेल्या. काका नुसतेच हसले. मग मी टोबायसचं सांगितलं. लपवून ठेवावं असं वाटेत दहादा मनात आलं होतं, पण काकांपासून चूक लपवायची सवयच मला राहिली नव्हती.

स्टुलावर बसल्या बसल्या काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"ती पानं जुळवायला सीतारामकडे होती," ते म्हणाले. "माणूस भला होता. पण त्याच्या मजकुरात चुका फार."

मला हसू आलं, पण काका थट्टा करत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं तो विषय मिटला होता. त्यांनी चष्मा परत लावला आणि विचारलं, मग साहेबाला तू काय सांगितलंस. मी सगळं भांडण सांगितलं, वडिलांचं सांगितलं तेसुद्धा.

"एवढं सगळं तू इंग्रजीत बोललीस?"

"इंग्रजीतच."

"मग तसंच म्हणून दाखव."

मी गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. काकू साखरेची वाटी घेऊन दारात थांबल्या. काकांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता, मी बोलेन तो शब्द ते चिमटीनं उचलून ओळीत ठेवत होते. तीस वर्षं ज्या भाषेचं अक्षर न् अक्षर त्यांनी हाताळलं, ती भाषा समोर उभं राहून त्यांच्याशी कुणी बोलत असल्याची ही पहिलीच वेळ होती. एका ठिकाणी मी क्रियापद चुकले, तेव्हा हात थांबला. मी दुरुस्त केलं, हात पुन्हा चालू झाला. वडिलांच्या वाक्यापाशी मला रडू आलं, पण काकांची ओळ अर्धी राहिली असती, म्हणून मी थांबले नाही.