एकसष्टावा क्रमांक

तांब्यातल्या उकळत्या पाण्याच्या वाफेवर भीमाशंकरनं वहीचं पान धरलं आणि एकसष्ट क्रमांकावरची चिठ्ठी ब्लेडच्या टोकानं हळूच उचलली. खळ वाळून कडक झाली होती. कचेरीच्या उंबऱ्यापाशी मुक्ताबाई उभी होती. दोनदा बसा म्हणूनही ती बसली नव्हती.

चिठ्ठी सुटली. तिच्यावर धोंडीबाचं नाव होतं. तो संस्थेचे चेअरमन हिंमतराव यांचा साडू. खाली, भीमाशंकरच्याच अक्षरात, मुक्ताबाईचं नाव होतं, तिच्या साडेतीन एकरांचा गट नंबर होता आणि चिठ्ठीवरच्यापेक्षा दोन दिवस आधीची तारीख होती.

“हाय का?” मुक्ताबाईनं विचारलं.

“आहे.”

“मंग पाईपवाले माज्या बांधावरनं सरळ पुढं का गेले, भाऊसाहेब?”

त्याला ते आत्ताच उमगलं होतं. त्यानं जमेल तसं सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली,

“म्हंजी म्या हाय, पर खाली.”

तलावातलं पाणी पाईपातून माळावर चढवण्यासाठी गावानं उपसा सिंचन संस्था काढली होती, आणि भीमाशंकर तिचा सचिव होता. सभासदांची यादी सारखी बदलायची. कुणाचा बाप वारायचा, कुणाच्या वाटण्या व्हायच्या. यादीच्या वह्या दोन: एक कचेरीत, दुसरी मंजुरीसाठी हिंमतरावांबरोबर धाराशिवच्या सरकारी कचेरीत फेऱ्या करणारी. दोन्हींत बदल व्हायचे आणि कुठली खरी ते कुणालाच सांगता यायचं नाही. शेवटी भीमाशंकरनं एक रीत बसवली. खाडाखोड करायची नाही; बदल चिठ्ठीवर लिहून जुन्या नोंदीवर डकवायचा, म्हणजे खालचं हरवत नाही. दर रविवारी दोन्ही वह्या जुळवायच्या. एका क्रमांकावर दोन चिठ्ठ्या निघाल्या तर पुढच्या तारखेची खरी.

त्या रीतीतल्या चुका तो एकेक करून काढत आला होता. खळीवर झुरळं यायला लागली, तेव्हा त्यानं तिच्यात मोरचूद घातला. एकाच दिवशीच्या दोन चिठ्ठ्यांचा घोळ झाला, तेव्हा तारखेखाली वेळ लिहायला सुरुवात केली. आयुष्यात आपल्याला काही धड जमलं असेल तर ते हेच, असं त्याला वाटायचं. त्यातही एका गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता. जुळणी करताना नावं वाचावीच लागत नसत. क्रमांक बघायचा, तारीख बघायची, डकवायचं.

यादी साठवर थांबली होती. मुक्ताबाईचा अर्ज मंगळवारी कचेरीत आला आणि ती एकसष्ट झाली. गुरुवारी धाराशिवला हिंमतरावांनी आपल्या वहीत धोंडीबाचं नाव घातलं. त्यांच्याही वहीत साठच्या पुढं एकसष्टच येत होतं. रविवारी भीमाशंकरनं क्रमांक बघितला, तारीख बघितली आणि धोंडीबाची चिठ्ठी आपल्या वहीतल्या नावावर अंगठ्यानं नीट दाबून बसवली.

मुक्ताबाई गेल्यावर तो वही घेऊन हिंमतरावांकडं गेला. त्यांनी दोन्ही नावं वाचली. धोंडीबाच्या शेतात तोटी बसून महिना झाला होता.

“यादी दुरुस्त करायची म्हंजे मंजूर झालेला सगळा प्रस्ताव परत येणार, पाणी सुटायच्या आधीच काम थांबणार,” ते म्हणाले. “पुन्हा मोजणी, पुन्हा सह्या. हे दुष्काळाचं दुसरं वर्ष. एकसष्ट घरांनी आणखी वर्षभर थांबायचं, हे त्यांना तुम्ही सांगता का मी सांगू?”

भीमाशंकरला ते कुणालाच सांगता आलं नसतं. तरी दुसऱ्या दिवशी एसटीनं तो धाराशिवला गेला, तीन तास बाकावर बसला आणि तेच उत्तर तिथल्या साहेबांच्या तोंडून ऐकून परत आला.

मुक्ताबाई दारात ज्वारी निवडत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

“म्हंजी चूक कुणाचीच न्हाय,” ती म्हणाली.

“माझी आहे.”

तिनं सूप खाली ठेवलं.

“तुमची आसून तरी मला काय उपेग, भाऊसाहेब?”

त्या उन्हाळ्यात ती तामलवाडीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायला लागली. कचेरीच्या खिडकीतून सकाळी बाया जाताना दिसत. त्या वेळी भीमाशंकर मान खाली घालून लिहीत असे.

त्यानं रीत सुधारली. कचेरीच्या वहीतल्या नव्या नावांना ‘क’, फिरत्या वहीतल्या नावांना ‘फ’. एका क्रमांकावर दोन चिठ्ठ्या आल्या तर डकवायचं थांबायचं आणि दोन्ही नावं मोठ्यानं वाचायची. त्यानं दहा वेळा पडताळून पाहिलं. कुठं फट राहिली नव्हती. हिंमतरावांनी ते तालुक्याला सांगितलं, तालुक्यानं जिल्ह्याला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर धाराशिवच्या एका सभागृहात तीसेक सचिवांसमोर भीमाशंकरला उभं केलं गेलं.

सुरुवातीला त्याचा आवाज पहिल्या रांगेपलीकडं पोचेना. मग त्यानं फळ्यावर दोन वह्या काढल्या, दोन्हींत एकसष्ट लिहिलं, आणि माना हलायला लागल्या. काहीजण उतरवून घेत होते.

“समजा, एक बाई आहे,” तो म्हणाला. “साडेतीन एकर माळ. मंगळवारी अर्ज दिला.”

एकर सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. मग त्यानं गुरुवार सांगितला, रविवार सांगितला आणि बोटानं फळ्यावरचं एक नाव पुसून दाखवलं. सभागृहात हुंकार उमटला. सगळ्यांना पटलं होतं.

अणदूरचा शिवशरण नावाचा सचिव, पन्नाशीचा माणूस, मागच्या बाकावरून उठला.

“मग त्या बाईचं पुढं काय झालं?”

भीमाशंकरनं बोटाला लागलेला खडू धोतराला पुसला.

“उदाहरण आहे हो ते,” तो म्हणाला, आणि पुढचा नियम लिहायला फळ्याकडं वळला.