धाकूचं दुसरं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालावं तर धाकूनेच. घाटकोपरच्या टेकडीवर मालवणकडची बिऱ्हाडं काय कमी होती? पण देवापुढे नारळ ठेवून खड्या आवाजात मागणं मागणारा तो एकटाच. तो एक वाक्य बोलून थांबणार, जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की पुढचं वाक्य. ज्याने 'व्हय' म्हटलं तो त्या शब्दाला बांधला गेला, अशी रीत.

सत्त्याहत्तरच्या लोकसभेच्या निवडणुकीला उमेदवार चंद्रप्रकाशजी टेकडी चढून आले, तेव्हाही धाकूनेच गाऱ्हाणं घातलं होतं. नळ वरपर्यंत आणीन म्हणाले. अहो, नळ हे म्युनिसिपालटीचं काम, दिल्लीत बसणाऱ्याचा त्यात काय संबंध? पण तेव्हा हवाच तशी होती, दगडालाही मत पडलं असतं. चंद्रप्रकाशजींना मालवणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कोणीतरी कानात सांगितलं, माणूस थांबला की 'व्हय म्हाराजा' म्हणा. ते म्हणाले, आणि निवडूनही आले.

मग दिल्लीत याने त्याचा पाय ओढला, त्याने याचा, आणि सगळं सरकार गडगडलं. पाच वर्षांसाठी दिलेलं मत अडीच वर्षांत नासलं. नळाचे पाइप पायथ्याशी येऊन पडले होते, ते तिथेच गंजत राहिले. दिवाळीच्या तोंडावर धाकूची बायको जानकी खालून हंडा आणताना पायऱ्यांवरून घसरली. डोकं दगडावर आपटलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

धाकू रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस. कसला घट्ट! दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल होतो ना, तसा तो आख्खाच झाला होता. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की आडवा व्हायचा.

आता जानेवारीत पुन्हा मतदान. चंद्रप्रकाशजी नवा झेंडा घेऊन येणार, हे सांगायला चाळीचा सेक्रेटरी कुंडलिक धाकूच्या दारात बसला.

"धाकूदादा, नारळ तुलाच ठेवायचाय."

"जानकीचा वरीस सरूक नाय अजून."

"देवाला चालतं रे. पाइप खाली पडलेत, जोडायचेच फक्त. हा माणूस रुसला तर ते पण उचलून नेतील. तुझ्या शकूकडे बघ जरा."

शकू म्हणजे धाकूची सून. सातवा महिना लागलेला. जानकीमागे हंडा तिच्याच कमरेवर आला होता. नवरा गिरणीच्या पाळीवर, सासऱ्याचे गुडघे गेलेले, मग आणणार कोण? तेवढ्यात ती पाणी घेऊन वर आली, हंडा टेकवला आणि भिंतीला धरून उभी राहिली. धाकू तिच्याकडे बघत राहिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात ते काय खोटं आहे?

"ठेवतंय," तो म्हणाला.

संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. चंद्रप्रकाशजी गळ्यात हार घालून, हात जोडून उभे. धाकूने नारळ ठेवला.

"बा देवा म्हाराजा, ह्यो नारळ मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येनी मागच्या खेपेक तुझ्यासमोर शबूद दिल्यानी."

"व्हय म्हाराजा!"

"नळ काय इलो नाय."

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळ्यांच्या तोंडून गेलं. मग पुढच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुंडलिकचं तोंड उतरलं. मेला वाट लावतो आता, असं तो पुटपुटला.

धाकूचा आवाज चढला नव्हता. वाण्याकडे सामान सांगावं तसा तो बोलत होता.

"माझी जानकी हंडो घेऊन पडली, आणि गेली रे म्हाराजा."

कोणी तोंड उघडलं नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले. माणूस थांबला, एवढंच चंद्रप्रकाशजींना कळलं. डोळे मिटून, अगदी मनापासून ते एकटेच मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

धाकूने त्यांच्याकडे पाहिलं. आता तरी राग येईल, ह्याच्या डोक्यात हा नारळ घालावासा वाटेल, म्हणून तो थांबला. काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. बायकांच्या घोळक्यात शकू कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि सकाळी तिला पुन्हा खाली उतरायचं होतं.

"तरी पण, देवा," धाकू म्हणाला, "ह्येंका निवडून येऊंदे रे म्हाराजा."

देवळापुढे चिडीचूप. चंद्रप्रकाशजींनाही या वेळी धीर झाला नाही. ते कुंडलिककडे बघू लागले.

गाऱ्हाण्याला बायका कधी साथ देत नाहीत. पण मागून शकूचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." मग एकेक करून सगळे म्हणाले.

धाकूने नारळ फोडला. कुंडलिकने टाळ्या सुरू केल्या, घोषणा झाल्या, गर्दी चंद्रप्रकाशजींना घेऊन खाली उतरली. शकूने खोबऱ्याचा तुकडा सासऱ्याच्या हातावर ठेवला.

"खावा, मामा. सासूबाय काय रागावायची नाय."

धाकूने तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिला.

"गोड आसा?" शकूने विचारलं.

"आसा," तो म्हणाला. त्याला चव लागत नव्हती.